हमीदचाचांनी आवळलेला बोल्ट

हे मी बायकोला सांगितलेलं नाही. वडिलांना सांगितलं नाही, ते गेले. आणि ज्याला सांगायला हवं होतं त्या माणसाला तर नाहीच. आज तुम्हाला सांगतोय. शब्द मध्येच अडखळतील, पण मी शेवटपर्यंत जाणार आहे — अर्ध्यावर काम सोडायची मला सवय नाही.

वसमतमध्ये नट-बोल्टच्या बाबतीत माझा शब्द चालतो. फुशारकी म्हणा हवं तर, पण आहे ते सांगतोय. वडील हळदीच्या मोंढ्यात, घाऊक बाजारात, पोती वाहायचे; आमच्या घरातला कॉलेजच्या फाटकातून आत गेलेला मी पहिला. म्हणून अकरा वर्षांपूर्वी दुकान टाकलं तेव्हा पाटीवर दुकानाच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत ‘बी. ई. मेकॅनिकल’ रंगवून घेतलं. काहून लपवायचं? पाटी आजही तशीच आहे.

चाकामागचं काम — आर्म, शॉकअप, कमानी — तिथे कोणता बोल्ट घालायचा हे मी गिऱ्हाइकाला उभ्या-उभ्या शिकवतो. जुना बोल्ट सोबत आणा. त्याच्या डोक्यावरचा मजबुतीचा आकडा वाचा — ८.८, १०.९, १२.९. जो निघाला तोच आकडा परत घाला. आटे नसलेला गुळगुळीत भाग भोकात नीट बसतो का, ते बघा. भार आट्यांवर आला की बोल्ट तिथेच कापला जातो. आणि मोठा आकडा म्हणजे चांगला बोल्ट, असं समजू नका. जितका जास्त कडक, तितका त्याला जपावं लागतं.

हे शेवटचं मी फार ठासून सांगतो. कुठून आलं ते माझ्याकडे?

दुकानाचं पहिलंच वर्ष. १२.९ चे बोल्ट काळे येतात, आणि आमच्याकडे काळा म्हणजे जुना, काढलेला माल असा समज. गिऱ्हाईक हातात घ्यायचं, परत ठेवायचं. मी डोकं चालवलं. एक पेटी नांदेडला पाठवून जस्ताचा पिवळा मुलामा चढवून आणली. दिसायला सोन्यासारखे. लगेच उठायला लागले.

इतक्या कडक पोलादाला अ‍ॅसिडात बुडवून मुलामा दिला की त्यात हायड्रोजन शिरतो, पोलाद ठिसूळ करतो. लगेच भट्टीत तापवून तो बाहेर काढला नाही, तर आवळलेला बोल्ट काही तासांनी आपोआप फुटतो. मला हे शिकवलं होतं. परीक्षेत मी यावर पानभर लिहिलं होतं. नांदेडवाल्याला ती भट्टी सांगायचं दुकानात बसल्यावर आठवलं नाही — की आठवायचं नव्हतं? मला अजून सांगता येत नाही.

आता चाचा. हमीदचाचांचं गॅरेज माझ्या दुकानासमोर, रस्त्याच्या पलीकडे. शाळा तिसरीपर्यंत. किती जोर लागला ते दाखवणारा टॉर्क पाना त्यांनी कधी वापरला नव्हता. साध्या पान्यावर हात ठेवून शेवटचा पाव वळसा द्यायचे आणि थांबायचे. एकदा मी माझा टॉर्क पाना नेऊन त्यांचे आठ-दहा बोल्ट तपासले. सगळे बराबर. चाचा हसले. “बेटा, तुझ्या पान्याला विचार, म्हातारा पास झाला का?”

तांड्यावरचा किसन तेव्हा औंढ्याला महादेवाच्या भाविकांची जीप चालवायचा. त्याच्या पुढच्या आर्मचा बोल्ट झिजला होता. मूळचा १०.९. मी पिवळा १२.९ दिला — त्याच्याहून मजबूत, म्हणून. चाचांनी तो उन्हात धरून फिरवला. “असला पिवळा काहून?” म्हणाले. मी म्हणालो, “चाचा, जमाना बदलला.” त्यांनी तो आवळला.

रोज सकाळी गाडीखाली वाकून बघायची किसनची सवय होती, तिनेच वाचवलं. दुसऱ्या दिवशी बोल्टचं डोकं जमिनीवर पडलेलं. रात्रभर गाडी जागची हललेली नव्हती. तो ते डोकं घेऊन माझ्या दुकानात आला. सात-आठ जण जमले, चाचाही हात पुसत आले.

“आज सोमवार हाय,” किसन म्हणाला. “चौदा माणसं बसणार व्हती. लेकरंबाळं. कोणाचं काम हे, सांगा.”

मी ते डोकं हातात घेतलं. तुटलेली बाजू दाणेदार, खडीसाखर मोडल्यासारखी. उत्तरपत्रिकेतलं ते पान डोळ्यांपुढे आलं. जास्त आवळलेला बोल्ट आवळतानाच जातो, मान बारीक होऊन. उभ्या गाडीत, दुसऱ्या सकाळी — असा जात नाही. मला कळलं होतं. नंतर नाही, तिथेच कळलं होतं.

आणि मी म्हणालो, “जास्त आवळला गेला. चाचा, हात जड झाला तुमचा.”

चाचा चिडले नाहीत. त्यांनी ते डोकं घेतलं, अंगठ्याने चाचपलं. “पण बेटा, मग मी आवळताना काहून न्हाई तुटला?”

पदवी माझ्याकडे होती, आणि नेमका प्रश्न त्यांनी विचारला होता. मी काय केलं? इंग्रजी झाडलं. पाच-सहा जड शब्द — तिथे कोणालाही कळणार नाहीत म्हणूनच निवडलेले. किसनने माझ्या पाटीकडे बोट केलं. “इंजिनिअर सांगून राहिला ना, चाचा. वय झालं तुमचं, मान्य करा.” दोघे-तिघे हसले.

एवढ्यावरही थांबलो नाही. त्या पेटीतले बोल्ट आणखी पाच गाड्यांत गेले होते, सगळे चाचांनीच आवळलेले, आणि ते काढायलाच हवे होते. पण काय सांगून काढणार? मी सांगितलं — हमीदचाचांनी आवळलेलं काम तपासून घ्या, बोल्ट मी फुकट बदलून देतो. दोन दिवसांत पाचही गाड्या आल्या. सगळ्यांना काळे १०.९ घातले. उरलेली पेटी भंगारात दिली, तीही आमच्या गावात नाही, परभणीला नेऊन. लोक म्हणाले, पोरगं जबाबदार आहे. माझं दुकान चालायला लागलं ते त्या आठवड्यापासून.

दोन महिन्यांनी चाचा दुकानात आले. टॉर्क पाना हवा म्हणाले, आणि कोणत्या बोल्टला किती जोर, ते मोठ्या अक्षरांत लिहून दे म्हणाले. मी लिहून दिलं. वापरायला शिकवलं. जोर पुरेसा झाला की पान्याचा टक् आवाज यायचा, तरी ते मान वर करून माझ्याकडे बघायचे. “झालं का, साब?” मला बेटा म्हणणं त्यांनी बंद केलं होतं. रागाने नव्हे. आदराने.

पुढे त्यांनी चाकामागचं काम घेणंच सोडलं. आता पंक्चर काढतात, ऑइल बदलतात.

गेल्या उन्हाळ्यात एक नवखा ड्रायव्हर जीप घेऊन त्यांच्याकडे आला. कोणीतरी जुन्या माणसाने नाव सांगितलं असणार. मी काउंटरला होतो, सगळं ऐकू येत होतं.

“ते काम आपण करत न्हाई,” चाचा त्याला म्हणाले. “माझा हात भरवशाचा राहिला न्हाई. समोरच्या साबनं वेळेवर सांगितलं म्हणून बरं, न्हाईतर माझ्या हातून माणसं मेली असती. तू त्यांच्याकडेच जा.”

ड्रायव्हर माझ्याकडे आला. मी त्याचा जुना बोल्ट पाहिला, आकडा वाचला, तोच काढून दिला. गुळगुळीत भाग भोकात बसतो का ते बघ, म्हणून सांगितलं. नाक्यावरच्या दुसऱ्या गॅरेजचा पत्ता दिला.

चाचांच्या हातात काही चूक नव्हती. बोल्ट मी बिघडवला होता. ते मला माहीत आहे आणि त्यांना माहीत नाही. ड्रायव्हर गेल्यावर चाचांनी पलीकडून हात वर केला — पाठवला बरं का, अशा अर्थाने. मीही हात वर केला, आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळलो.