एका माणसाचे विमान आणि शालिग्राम सुतार

शालिग्राम सुतार हा चिखलीचा बंडी, म्हणजे बैलगाडी, घडवणारा कारागीर. दुसरे महायुद्ध संपल्यावर एका हिवाळ्यात रंगराव नावाचे इंजिनियर त्याच्याकडे आले. फ्लाइंग क्लबांत शिकणाऱ्यांसाठी त्यांना इंजिनाशिवाय तरंगणारे, एकाच माणसाच्या बैठकीचे लाकडी विमान तयार करायचे होते. परदेशी विमान क्लबांना परवडत नव्हते. शालिग्रामने होकार दिला. त्या दिवसांत तो कोणत्याही कामाला होच म्हणत असे. त्याचा एकुलता मुलगा इंद्रभान आदल्या पावसाळ्यात राजूरच्या घाटात बंडीच्या चाकांचा आस मोडून मेला होता. तो आस शालिग्रामच्याच हातचा होता. तेव्हापासून त्याला भूक लागत नसे आणि रडूही येत नसे.

नकाशातला पंखाचा मुख्य दांडा पाहून त्याने विचारले, "सायेब, एवढ्याशा लाकडावर मानूस बसवता?"

"लाकूड जितकं कमी, तितकं बरं," रंगराव म्हणाले.

शालिग्राम कामाला लागला. दांडा मात्र त्याने जाड ठेवला, पंखाच्या फासळ्याही जाड ठेवल्या. बंडीच्या कामात लाकूड जास्त ठेवणे म्हणजेच काळजी घेणे.

बुलढाण्याच्या माळावर चाचणी ठरली. क्लबात शिकलेला उत्तमराव आत बसला. माणसांनी पुढचा रबरी दोर ताणून सोडला. विमान गवतावरून घसरत गेले आणि थांबले. पुन्हा ओढले, पुन्हा थांबले.

"बैलं जुंपा बे याले!" कोणी तरी ओरडले. सगळे हसले.

रंगरावांनी पंख मोजून पाहिले. "मिस्त्री, लाकूड का वाढवलं?"

"तुटू नये म्हून."

"जड विमान सावकाश उतरत नाही. शिकाऊ माणूस जोरात खाली येईल आणि मान मोडून घेईल. तुमची ही काळजीच त्याचा जीव घेईल."

विमान चिखलीला परत आले. कापड उसवून दांडा उघडा केला. शालिग्रामने रंदा हातात घेतला. पण तो लाकडावर टेकवून नुसताच बसून राहिला. बायको सोजराबाई चहा ठेवून गेली, तो निवला.

उत्तमराव आला. त्याने सारे ओळखले.

"काऊन थांबले, मिस्त्री?"

"पतलं केलं अन् मोडलं तं?"

"मी काही तुमच्या भरोशावर नाही उडून राह्यलो. त्या नकाशाच्या भरोशावर उडून राह्यलो. मोडलं तं रंगरावाले धरतीन लोक. चालवा रंदा."

बोलणे कठोर होते. पण त्याने शालिग्रामचा हात सुटला. संध्याकाळपर्यंत तो रंदत राहिला.

दुसऱ्या चाचणीच्या वेळी शालिग्राम माळावर पाठ फिरवून बसला. दोर सुटल्याचा आवाज झाला. मग माणसांचा गलबला वर चढत गेला, आणि एकाएकी सगळे गप्प झाले. त्याने गवताची काडी तोडली. शेवटी टाळ्या वाजल्या.

उत्तमराव धावत आला. "पाह्यलं का, मिस्त्री?"

"नाही."

"पंख लवले हो वर! लवले, पन मोडले नाहीत."

शालिग्राम उठला. त्याने दांड्यावर मुळापासून टोकापर्यंत हात फिरवला. कुठे चीर नव्हती. आनंद व्हायला हवा, हे त्याला समजत होते. तो झाला नाही.

"आता क्लबांसाठी दुसरं घडवायचं," रंगराव म्हणाले. "कधी सुरू करता?"

"लाकूड आना," शालिग्राम म्हणाला. "नकाशापरमानंच करतो. पयले याले आत घ्या. दव पडून राह्यलं."