वामनकाकांचं बिननावाचं भिंग

सुमनला पाहायला पांढुर्ण्याला गेलो, तेव्हा त्या घरातला माझा पहिला नमस्कार कॅमेऱ्याच्या भिंगाला पडला. हात धुऊन येताना मी भलत्याच खोलीत शिरलो. भर दुपारी खिडक्या लावून तिचे वामनकाका संत्र्याच्या पेटीवरच्या एका पितळी वस्तूसमोर निरांजन हलवत होते. घर धार्मिक दिसतंय, छाप पाडून घ्यावी, म्हणून मी हात जोडले आणि तबकातलं कुंकू बोटावर घेऊन देवाला टेकवलं.

काकांनी शांतपणे निरांजन खाली ठेवलं. “जवाईबापू, भिंग हाय ते. काचेले कुंकू लावून राहिले तुमी.”

मी खजील झालो. पण ते ‘जवाईबापू’ म्हणाले होते, एवढ्यावर लग्न जमलं असं मी धरून चाललो. जमलंही.

काका संत्र्यांचे व्यापारी. इंग्रज गेले तेव्हा सौंसरच्या एका साहेबानं सामान विकायला काढलं. लोकांनी टेबल-खुर्च्या नेल्या, काकांनी हा पेटाऱ्याएवढा कॅमेरा आणला. भिंगावर ना नाव, ना आकडा. आत काचा कशा बसवल्यात हे कळल्याशिवाय माणसाचा फोटो काढायचा नाही, असा त्यांचा नेम. “आदी काच ओळखा, मंग मानूस उभा करा,” हे त्यांचं पालुपद. निरांजन त्यासाठीच. काचेची बाजू मोकळी असेल तर तिच्यात ज्योत ठसठशीत दिसते, दोन काचा चिकटवल्या असतील तर त्या सांध्यात फिकी. पुढच्या दोन काचा चिकटवलेल्या आहेत, हे त्यांनी असंच ओळखलं होतं. मागच्या काचांचं कडं मात्र जाम बसलं होतं, आणि संशोधन वर्षानुवर्षं तिथंच अडलं होतं.

मग राज्यांची फेररचना झाली. नागपूर मुंबई राज्यात गेलं, आमचा भाग मध्य प्रदेशातच राहिला. मी सौंसरच्या तहसिलीत कारकून. माझं नाव नागपूरकडे बदलून जाणाऱ्यांत निघालं.

काका हलले. “सगळ्याहिचा एक फोटो पाहिजे. पुन्हा सारे एका आंगनात कवा येतीन, काय मालूम?”

कड्याला तेल पाजलं. मी भिंग धरलं, काकांनी कडं पिळलं, आणि सुमननं मला मागून धरलं. निघालं एकदाचं. निरांजन लागलं. मागच्या दोन काचांच्या चार बाजूंत चार ज्योती, चारही ठसठशीत.

काका मटकन पेटीवर बसले. “पुढच्या चिकटवलेल्या, ह्या दोन सुट्या. म्हंजे एकट्या मानसाचं तोंड काढाचं भिंग हाय हे. मधातला दागिन्यावानी येते, कडेचे भोवऱ्यात जातेत.”

“मग लांबून काढा ना,” मी अक्कल पाजळली.

“तोंडं तुरीच्या दान्याएवढी येतीन. मंग काय टोपीवरून ओळखाचं?”

मधल्या जागेवरून घरात अशी जुंपली की सुमनच्या आत्याबाई नेसलेलं नवं लुगडं बदलायला निघाल्या. काकांनी निकाल दिला, “जे जाऊन राहिले ते मधात. हितं राहनारे कडेले. त्याहिचं तोंड रोजच दिसते.”

आम्ही दोघं मधोमध उभे राहिलो. झाकण काढायला शेजाऱ्याला उभं करून काका स्वतः पार टोकाला, संत्र्याच्या झाडाशी गेले.

फोटोत माझ्या मिशीचा केस न् केस आला. काका झाडासकट गरगरले. तरी खूश. “पाहा जी, बरोबर ओळखलं होतं न भिंग?”

महिन्याभरात माझा हुकूम रद्द झाला. नोकरी सौंसरलाच सरली. भेटलो की काका विचारत, “फोटो फुकट घालवला न जी आमचा?” दुसरा काढू, संत्री उतरली की काढू, असं म्हणता म्हणता काकाच गेले.

तेरवीला हार घालायला काकांचा फोटो शोधला, तर तो एकच. सुमननं पदरानं काच पुसली, टोकाच्या त्या गरगरीवर बोट ठेवलं आणि बराच वेळ काढलं नाही.

“तुमचं तोंड तर रोजच पाहून राहिली मी,” ती म्हणाली. “काकाले मधात उभं कराचं होतं.”