मी न उठवलेला गडी

त्या सामन्यात मी त्याला मुद्दाम उठवला नाही. चूक करतानाच मला ती कळत होती, म्हणून नजरचूक झाली असं म्हणायची सोय मला नाही.

आता ज्याला कबड्डी म्हणतात त्याला आम्ही लालबागची पोरं हुतुतू म्हणायचो. बाद झालेला गडी म्हणजे मेलेला. तो रेषेबाहेर जाऊन बसायचा. समोरच्यांचा एक मेला की आपला एक जिवंत व्हायचा, आणि बाहेर बसलेल्यांतला कोणता उठवायचा ते आमच्याकडे कप्तान हात करून सांगायचा. कप्तान मी होतो.

मी कप्तान झालो, ते नेमानं यायचो म्हणून. संध्याकाळी सगळ्यांच्या आधी चाळीमागच्या पटांगणात जायचं, खडे वेचायचे, पाणी शिंपडायचं, चुन्याच्या रेषा मारायच्या, हे माझं काम. ज्याला मी पुढे उठवला नाही, तो मालवणकडून मामाच्या खोलीत राहायला आला, आणि पहिल्याच दिवशी चपला रेषेवर काढून आत शिरला. चढाईला गेला, चौघांच्या मधून उडी मारून परत आला. त्याचा दम संपतो कधी हे कुणालाच कळेना. गॅलरीतून बायका बघायला लागल्या. माझे वडील कधी माझा खेळ बघायला खाली उतरले नव्हते, तेही लेंगा वर खोचून आले. म्हणाले, "पोरगा पाण्यासारखा निसटतो रे." त्या रात्री मी नीट जेवलो नाही.

तो खेळायचा तसाच वागायचाही. सराव संपत आला की उगवायचा. साखळी धरायला सांगितलं तर, "हात धरून काय लग्न लावायचंय?" म्हणायचा. कुणाची पकड सुटली की त्याची नक्कल करून सगळ्यांना हसवायचा. पंचांशी तर रोजचं भांडण. आणि माझ्याकडे बघून, "कप्तान, काय रेषा मारलीस रे. आता सामना कशाला खेळायचा, रेषाच दाखवू त्यांना."

पोरं हसायची. मीही हसायचो.

हळूहळू सगळेच उशिरा यायला लागले. कोपऱ्यावरचा आमचा गडी पकडीचा सराव सोडून गप्पा मारत बसायचा. विचारलं तर म्हणायचा, "तो आहे ना, तो काढेल गुण." खरंच काढायचा. आम्ही जिंकत होतो, पण बाकीच्या सहा जणांना आपण कशासाठी उभे आहोत ते कळेनासं झालं होतं. ही तक्रार खरी होती. माझा हेवा मी तिच्याच आड लपवला.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. गिरणगावात रोज कुठेतरी सभा असायची, नाहीतर मोर्चा. तो सराव बुडवून पुढच्या रांगेत. मीही जायचो, पण कडेकडेनं, पळायला गल्ली जवळ आहे ना बघत. एकदा तो डोक्याला फडकं बांधून पटांगणात आला. लाठी लागली होती. सगळे त्याच्याभोवती जमले आणि मी चुन्याचं डबडं हातात घेऊन उभा राहिलो. माणसाला लाठी लागते आणि मला तिचाही हेवा वाटतो, हे तेव्हा स्वतःशी कबूल करायचीही हिंमत नव्हती.

गणपतीच्या आधीच्या सामन्याला एका गिरणीचा लेबर ऑफिसर येणार होता. गिरणीच्या संघात चांगला खेळाडू घ्यायचा म्हणजे त्याला बदलीवर, गैरहजर कामगाराच्या जागी, कामाला लावायचा, अशी रीत होती. त्याला कामाची गरज माझ्यापेक्षा जास्त. मामानं बजावलं होतं, गणपतीपर्यंत काम मिळालं तर राहा, नाहीतर बोटीचं तिकीट काढतो. हे त्यानंच मला सांगितलं होतं, हसत हसत.

पहिल्या डावात त्यानं एकट्यानं त्यांची फळी मोडली. दुसऱ्या डावाच्या सुरुवातीला मी थांब म्हणत असताना चढाईला गेला आणि पकडला गेला. बाहेर जाऊन बसला. लगेच आम्ही त्यांचा एक मारला. तो उठून माती झटकायला लागला. मी त्याच्या शेजारच्याला हात केला.

त्याला वाटलं मी गंमत करतोय. हसला. पुन्हा आमचा गुण झाला, आणि मी दुसऱ्याच गड्याला आत घेतला. कोपऱ्यावरचा माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "अरे, त्याला उठव ना. वेडा झालास काय?"

"कप्तान कोण आहे?" मी म्हणालो.

तो खाली बसला तो सामना संपेपर्यंत उठलाच नाही. आम्ही थोडक्यात जिंकलो. बाकीची पोरं त्या दिवशी जीव तोडून खेळली, हेही खरं. ऑफिसरनं मला बोलावून विचारलं, "तो बाहेर बसवलेला मुलगा कसा आहे?"

"खेळतो चांगला, साहेब. पण कुणाचं ऐकत नाही. टीम फुटते त्याच्यानं."

यातला एकही शब्द खोटा नव्हता. त्यांनी मला घेतलं. आजही मी त्याच गिरणीत आहे. त्या नोकरीवर माझं लग्न झालं, मुलं शिकली. तो गणपती झाल्यावर बोटीनं गावी गेला. आमची पोरं वेळेवर यायला लागली, साखळी धरायला लागली आणि हरायला लागली. गॅलरीत बघायला कुणी उरलं नाही.

गेल्या वैशाखात दादरला एका लग्नात तो दिसला. त्याच्या भाच्याचं लग्न होतं, पंगतीत वाढत होता. केस गेलेले, आवाज तोच. मला बघताच हातातलं भांडं कुणाकडे तरी देऊन आला आणि मला ओढत आपल्या मुलांपुढे उभं केलं.

"ह्यो माझो कप्तान. ह्यानं माका भर सामन्यात बसवून ठेवल्यान. बरोबर केल्यान. मी तेव्हा कोणाचा आयकत नाय होतंय." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "पोरांना शिस्त सांगायची झाली की तुझीच गोष्ट सांगतो रे."

मुलं माझ्याकडे आदरानं बघत होती. इतकी वर्षं मी त्याच्या रागाला घाबरत होतो. हा आदर मला सोसेना. मान हलवून जेवायला बसलो असतो तर गोष्ट तिथेच मिटली असती. मी त्याला हात धुवायच्या जागी बाजूला नेलं.

"पोरांना ती गोष्ट सांगू नकोस," मी म्हणालो. "शिस्तीसाठी नाही बसवला तुला. माझे वडील तुझा खेळ बघायला खाली यायचे, ते मला बघवत नव्हतं. ऑफिसर येणार हे मला ठाऊक होतं, तुझ्या मामाचंही ठाऊक होतं. तुझं काम मी घेतलं. मला माफ कर."