उद्याचा चुडा आणि माझं बोट

मैत्रिणींनो, परवा या ग्रुपवर मी चामखिळीसाठी स्किनचा डॉक्टर विचारला होता. तुम्ही चुना सांगितला, लसूण सांगितला, डॉक्टर मात्र एकीनंही सांगितला नाही!

इतवारीत माझं बांगड्यांचं दुकान आहे. बोटावरची चामखीळ गिऱ्हाइकांना दिसते म्हणून लाज वाटायची. दोनेक महिन्यांपूर्वी सासूबाई म्हणाल्या, "घोड्याचा केस बांध वं, आपोआप गळते." बांधला. बोट सुजलं, रक्त आलं आणि बाजूला नवीन उगवल्या.

शेवटी आज दुपारी विचारत विचारत वाडीला एका डॉक्टरीणबाईंकडे पोचले. त्यांनी बोट पाहिलं आणि विचारलं, "काम काय करता?"

"बायकांना बांगड्या भरते."

त्यांनी माझा दुसरा हातही उलटसुलट करून पाहिला. मग म्हणाल्या, "ताई, हे हात लागून दुसऱ्याला होऊ शकतं. बरं होईपर्यंत कोणाचा हात धरू नका."

गार फवारा मारून त्यांनी चामखिळी गोठवल्या. बोट ठणकून राहिलं आहे, पण चैन नाही ते त्यामुळे नाही. मी प्रत्येकीचा हात दाबून, चोळून, मऊ करूनच बांगडी चढवते ना!

घरी आले तर शेजारची पोरगी वाट पाहत बसलेली. उद्या तिचा लग्नाचा चुडा. "काकू, तुमच्याच हातानं भरायचा आहे मले." माझ्या तोंडून हो निघून गेलं. आता तिच्याकडे खरं सांगायला निघाले आहे.

पण तुमच्यातल्या कितीतरी जणींचे हातही माझ्या हातात येऊन गेलेत. जरा उजेडात बोटं बघता का? काही दिसलं तर केस बांधू नका, डॉक्टरचा पत्ता मी देते.