न पाहता केलेली फाइल

आमच्या घरात माझ्याआधी कुणी पानभर मजकूर लिहिलेला नाही. त्यामुळे आठवणी लिहायला बसणं मला आगाऊपणाचं वाटतं. वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

मी पोलादपूरच्या एका डोंगरवाडीतला, महाडला कॉलेजात शिकतो. माझा वर्गमित्र महाडचाच. त्याचे अब्बा आखातात ट्रक चालवतात. मुलीच्या लग्नाला त्यांना सुटी मिळाली नव्हती, आणि पुढे घरी आले तोवर डीव्हीडी प्लेअर पुराच्या पाण्यात गेला होता. डिस्का तेवढ्या माळ्यावर होत्या म्हणून वाचल्या. लेकीचं लग्न त्यांनी अजून पाहिलंच नव्हतं. त्यांना फोनवर पाठवता येईल अशी लहान फाइल करून द्यायचं मी कबूल केलं.

मी मित्राच्या घरी कॉम्प्युटरवर बसलो की रोज संध्याकाळी अब्बांचा फोन यायचा. "झालं का रे? कुठवर आलं?" माझे बाबा मुंबईत कँटीनमध्ये असतात. तेही फोन करतात, "जेवलास का?" विचारतात आणि ठेवून देतात. कॉम्प्युटरबद्दल काय विचारायचं हे त्यांना ठाऊक नाही. मित्राचा फोन वाजला की माझ्या पोटात दुखायचं.

त्यांच्या लग्नात पुरुष आणि बायका वेगवेगळे बसतात, म्हणून डिस्का दोन होत्या. पुरुषांकडची सहज झाली. दुसरी बायकांकडची होती.

"बेटा, तू कर," अम्मी म्हणाल्या, "पण बघायचं नाय हां."

"अगं अम्मी, याला कुठं काय दिसतं?" मित्र हसला. "काळ्या पडद्यावर नुसते आकडे पळतात."

ते खरंच होतं. डिस्कवर व्हिडिओ तुकड्यांत असतो. ते तुकडे क्रमाने जोडून लहान करायला एका ओळीची कमांड पुरते, चित्र उघडावं लागत नाही. पण आधी मिनिटभराचा नमुना करून तपासायचा असतो. तो लावला आणि मी भिंतीकडे तोंड करून बसलो. मागे अम्मी आणि त्यांच्या जावा बघत होत्या.

"ती बघ गो, आपली सासू पेंगतेय!"

"गप गो! बेटा, सगळं चांगलं हाय, पण कोणी हात हलवला की कडेला कंगव्यासारखे दात दिसतात."

त्या डिस्कवर प्रत्येक चित्र क्षणाच्या फरकाने टिपलेल्या, एकाआड एक ओळींच्या दोन अर्ध्यांत साठवलेलं होतं. मी कमांडमध्ये ते अर्धे जुळवणारा शब्द वाढवला आणि पुन्हा भिंतीकडे वळलो. दात गेले, असं त्यांनीच सांगितलं.

ते घर हसत होतं आणि मी कॅलेंडर बघत होतो. हे लग्न समुद्रापलीकडचा माणूसही बघणार, फक्त मी नाही. खरं सांगायचं तर मला त्या न पाहिलेल्या नवरीचाही हेवा वाटला. तिला बघायला कुणीतरी इतकी वर्षं थांबलं होतं.

फाइल पाठवली आणि फोन थांबले. अब्बा लांबच्या फेरीवर होते, तिकडे नेटवर्क नव्हतं. मी विचारायचं टाळलं. मग एका दुपारी एसटी स्टँडवर मित्राने मला गाठलं.

"अब्बांनी बघितलं."

"साफ दिसलं?"

"एकदम. सासरी निघताना ही रडत मागं वळून कोणाला शोधतेय, असं विचारलं त्यांनी. अम्मी म्हणाली, तुम्हालाच." माझी एसटी लागली तसा तो दारापर्यंत आला. "ईदला येतायत ते. कायमचे."