चौथ्या पानावरची तळटीप

मल्लेश्वरमच्या प्रमोदिनीला खोटं लिहिता येत नसे. त्यापायीच ती त्या दिवशी दाराबाहेरच्या बाकड्यावर बसली होती.

औषधशास्त्र शिकवण्यात तिची चोवीस वर्षं गेली. सरकारच्या औषध-वर्गवारी समितीवर ती शास्त्रीय सल्लागार. फिट येऊ नये म्हणून देतात त्या एका जुन्या गोळीची पोरं नशा करतात, तेव्हा ती कडक यादीत टाकायची का, हा प्रश्न होता. टिपण तिनंच लिहिलं होतं. मग हितसंबंधांचा फॉर्म आला. बाकीच्यांनी 'नाही'वर खूण केली. तिनं लिहिलं : माझी मुलगी वेदिका अकरा वर्षं हीच गोळी घेते.

"एवढं खरं कशाला लिहिलंत, मॅडम?" अध्यक्ष कृष्णमूर्ती हळहळले. "आता स्वल्प वेळ बाहेर बसा. टिपण आहे ना आत, ते बोलेल."

गल्लीतल्या औषधवाल्या मोहनकुमारनं आधीच सांगून ठेवलं होतं, "त्या यादीत गेली तर मी ठेवणार नाही अक्का. कोण ती तपासणी झेलणार?"

आतून आवाज आला, "पान चार. चार वर्षांत डॉक्टरांच्या चिठ्ठ्या दुप्पट! म्हणजे नशाच वाढली."

खाली तळटीप होती : पूर्वी एक चिठ्ठी दोन महिने चाले, आता एकच महिना चालते, रोगी तेवढेच आहेत. ती कुणी वाचेना.

प्रमोदिनीचा हात कडीपर्यंत गेला. आत शिरावं, तर शास्त्र राहील बाजूला, आईची वकिली तेवढी दिसेल. चहाचा ट्रे घेऊन शारदाबाई आली.

"दार धरू का, अक्का?"

"नको. आत एवढंच सांगाल, पान चारची खालची ओळ..." तिनं जीभ चावली. हीही वकिलीच.

शारदाबाई हसली. "माझं कोण ऐकतंय? साखर कमी पडली तरच बोलतात माझ्याशी."

तासाभरानं कृष्णमूर्ती खुशीत बाहेर आले. "एकमत झालं, गोळी कडक यादीत! तुमच्या आकड्यांनी काम सोपं केलं बघा."

संध्याकाळी मोहनकुमारनं कपाट उघडून दाखवलं. "दोन पाकिटं उरलीत. पण चिठ्ठीला एकच."

ती घरी न जाता राजाजीनगरला गेली, ओळखीच्या डॉक्टरांकडे आणखी एक चिठ्ठी मागायला. त्यांनी विचारलं, "आधीची चिठ्ठी हरवली का?"

"हो," प्रमोदिनी म्हणाली.

त्या महिन्यात वेदिकाच्या नावावर दोन चिठ्ठ्या झाल्या.