पेत्राची सासू आणि आमच्या टीचर

आमच्या टीचर पेत्रापेक्षा पेत्राच्या सासूला जास्त मानत. येशूचा हा पट्टशिष्य पाण्यावरून चालला वगैरे ठीक; पण त्याच्या सासूची गोष्ट निघाली की टीचरांचा आवाज चढे. बाई तापानं फणफणली होती, येशूनं तिचा हात धरला, ताप उतरला आणि ती उठून सगळ्यांना वाढायला लागली. "जेवून गेले सगळे, पण नाव लिहून ठेवलं का कुणी तिचं?" टीचर टेबलावर हात आपटत. "पुरुषच ते!"

तंजावरच्या शाळेत त्या भूगोल शिकवायच्या आणि रविवारी चर्चमध्ये मुलांना बायबल. निवृत्तीनंतरही लाल पेन सुटलं नाही. लग्नपत्रिका आली की आधी चुका काढायच्या, मग आहेराचं बघायचं. मी इथला मराठी, म्हणजे इथल्या तमिळ रिवाजानं अख्ख्या गावाचा 'रायर'. माझी यात्रा कंपनी आजीबाईंना काशीला नेते आणि वर्षातून एकदा ख्रिस्ती मंडळींना गालीलला. देव कुठलाही असो, खिडकीची जागा सगळ्यांनाच हवी असते. माझ्या पत्रकातल्या 'गालीलच्या समुद्रा'वर टीचरांनी लाल फुली मारली. "गोडं पाणी आहे, रायर. तलाव म्हण. पाचवीत तुला नापासच करायला हवं होतं."

टीचर स्वतः गालीलला आल्या, त्या यात्रेच्या काही महिने आधी त्या तीन दिवस तापात एकट्या पडून होत्या. दूधवाल्याला कुणी दार उघडेना, तेव्हा कुठं कळलं. चेन्नईहून लेक धावत आली, म्हणाली, आता आमच्याकडेच चल. टीचर हटेनात. "मुलगा असता तर गेले असते. जावयाच्या घरी दोन दिवस पाहुणी, तिसऱ्या दिवशी लाज."

लेक माझ्या ऑफिसात येऊन बसली. "रायर अण्णा, पुढच्या वेळी दूधवालाच सुट्टीवर असला तर?"



गालीलच्या लाकडी होडीत बसलो तसा खलाशांनी आमच्यासाठी तिरंगा चढवला आणि 'जन गण मन' लावलं. होडी डुलत होती. पाद्रीसाहेबांनी डोलकाठीला मिठी मारली. टीचर मात्र सावधान, शाळेच्या मैदानात उभ्या असाव्यात तशा. मग प्रार्थनेसाठी इंजिन बंद झालं. वाटाड्यानं किनाऱ्याकडे बोट केलं. ते कफर्णहूम, पेत्राचं घर तिथं होतं.

टीचरांनी चष्मा पुसला. पुन्हा पुसला. "तिथं पडली होती ती," त्या हळूच म्हणाल्या.

आता माझ्यासारखा नाटक्या अशी संधी सोडतो की काय?

"टीचर, एक शंका. ते घर कुणाचं?"

"पेत्राचं."

"आणि आजारी कोण होतं?"

"त्याची सासू. किती वेळा सांगू..." टीचर थांबल्या.

"मग सासूबाई जावयाच्या घरी काय करत होत्या? तिसरा दिवस तर केव्हाच उलटला असेल!"

प्रार्थनेसाठी मिटलेले सगळे डोळे उघडले. टीचरांनी पिशवीतून बायबल काढलं, ओळीखाली बोट धरून दोनदा वाचलं.

"चाळीस वर्षं शिकवलं हे," त्या म्हणाल्या, "एकाही गाढवानं विचारलं नाही."

"तुम्ही विचारू कुठं देत होता?"

"गप्प बस. फोन लाव."

फोन लेकीनं उचलला. "तू नको, जावयाला दे," टीचर म्हणाल्या. त्या फोन नेहमी स्पीकरवर ठेवत. त्यामुळं भर तलावात सगळ्या होडीनं कान टवकारले. "खरं सांग बाबा. मी यावं असं तुला वाटतं, की बायको म्हणते म्हणून?"

  माझा आगाऊपणा अंगाशी येतो की काय!

"अत्तै," जावयानं सासूबाईंना हाक मारली, "तुमची खोली रंगवून सहा महिने झाले. रंग आवडेल की नाही, या भीतीनं मी बोललो नाही."

"कुठला रंग?"

"पिवळा."

"वाईट आहे," टीचर म्हणाल्या आणि पदरानं डोळे टिपले. "राहू दे. बदलू नकोस."

पुढच्याच महिन्यात जावई त्यांना न्यायला आला. तंजावर स्टेशनात मी छानसं भाषण पाठ करून गेलो होतो, पण खिडकीतून टीचरांचा चेहरा दिसला आणि पहिल्याच वाक्याला मी खिशात रुमाल शोधू लागलो.

"रायर, तू रडू नकोस. ते काम माझ्याकडे आहे," टीचर म्हणाल्या. "पापनाशम स्टेशन येईपर्यंत रडणार, मग बंद. या जावयाला आधीच सांगून ठेवलंय, यात तुझा काही दोष नाही म्हणून."

गाडी हलली. जावई शहाणा. त्यानं लगेच पेपर उघडला आणि तोंडासमोर धरला.